शाब्दिक उदाहरणाची पदावली कशी मांडायची

भावा, पदावली म्हणजे आकडे न् चिन्हं वापरून केलेली गणिताची मांडणी. गणित वाचलं की लगेच आकडे जोडत सुटू नको, आधी शेवटी काय विचारलंय ते बघ. समजा चौघं मिसळ खायला गेले, प्रत्येकानं 80 ची मिसळ न् 20 चं ताक घेतलं, 500 ची नोट दिली, तर परत किती? एकाचा खर्च 80 + 20, तो चौघांचा करायचाय म्हणून कंस घालायचाच, म्हणजे (80 + 20) × 4, आणि हे सगळं 500 मधनं जाणार:

500 − (80 + 20) × 4 = 100

कंस विसरलास तर 500 − 80 + 20 × 4 होतं, उत्तर येतं 500, म्हणजे हॉटेलवाल्यानं फुकट जेवू घातलं!

'बेरजेची निमपट', 'फरकाची तिप्पट' असलं दिसलं की बेरीज नायतर फरक कंसात.

आता कंचेभागुबेव, म्हणजे कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रिया करायचा क्रम. लई जण बेरीज आधी आलीय म्हणून वजाबाकीच्या आधी करतात, ते चूक. 12 − 4 + 3 म्हणजे 11, 5 नव्हे. बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवर, डावीकडनं जे आधी येईल ते करायचं, आणि भागाकार-गुणाकाराचंबी तसंच, 24 ÷ 4 × 2 म्हणजे 12.