क्लोन केलेल्या व्हर्च्युअल मशीन एकाच नावावर हक्क सांगतात तेव्हा

सोलापुरात हा त्रास मुख्यतः दोन ठिकाणी होतो. एक म्हणजे इंजिनिअरिंग-पॉलिटेक्निकच्या लॅब. तिथे एका पीसीवर उबुंटू किंवा विंडोजची व्हर्च्युअल मशीन (पीसीच्या आत सॉफ्टवेअरने चालणारा दुसरा संगणक) तयार करून तीच पेनड्राइव्हने सगळ्या पीसींवर टाकतात, म्हणजे तिचे क्लोन करतात. दुसरं म्हणजे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांची ऑफिसं. बिलिंगचं जुनं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही, म्हणून जुना पीसी आहे तसा व्हर्च्युअल मशीनमध्ये घेतात, आणि मूळ पीसीही कोपऱ्यात चालूच राहतो.

दोन्हीकडे तक्रार एकच: ‘डुप्लिकेट नेम एक्झिस्ट्स ऑन द नेटवर्क’ असा संदेश येतो, शेअर केलेला प्रिंटर कधी सापडतो, कधी नाही. बहुतेक जण लगेच संगणकाचं नाव बदलतात. पण आधी नक्की काय धडकतंय ते बघा, कारण धडकणाऱ्या गोष्टी चार असू शकतात: संगणकाचं नाव, मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळखक्रमांक), लिनक्समधला मशीन-आयडी (त्या मशीनचा स्वतःचा ओळखक्रमांक) आणि व्हर्च्युअल नेटवर्कचं स्वतःचं नाव. चुकीची गोष्ट बदलली की दोष तसाच राहतो, वर एक नवी गुंतागुंत होते.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना रोमन अक्षरं वापरा.)

विंडोजमध्ये नाव धडकतंय का

कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एनबीटीस्टॅट -एन’ चालवा. नावांच्या यादीत एखाद्यापुढे ‘कॉन्फ्लिक्ट’ दिसलं तर खरोखरच नावाचा झगडा आहे. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टम लॉगमध्ये नेटबीटीचा ४३१९ क्रमांकाचा इव्हेंटही सापडेल. ते नाव कोण वापरतंय हे शोधायला संशयित आयपीवर ‘एनबीटीस्टॅट -ए’ चालवा (‘ए’ कॅपिटल). त्या मशीनचं नाव आणि मॅक पत्ता दोन्ही मिळतात. मॅक ०८:००:२७ ने सुरू होत असेल तर ती व्हर्च्युअलबॉक्सची मशीन, ००:०सी:२९ असेल तर व्हीएमवेअरची, ००:१५:५डी असेल तर हायपर-व्हीची. म्हणजे जागेवरून न उठता कळतं की भांडण खऱ्या पीसीशी आहे की दुसऱ्या क्लोनशी.

नेटबायोसमध्ये (लॅनवर संगणकाला नावाने ओळखण्याची विंडोजची जुनी पद्धत) जो आधी सुरू होतो, त्याला नाव मिळतं. त्यामुळे वीज जाऊन आल्यावर सगळे पीसी एकदम चालू झाले की काल जो पीसी बिघडला होता तो आज ठीक असतो आणि शेजारचा बंद पडतो. दोष असा फिरताना दिसला की केबल आणि स्विच बदलण्याचा खर्च करू नका.

आता पंधरा अक्षरांची गोष्ट. नेटबायोसमध्ये नावासाठी पंधराच अक्षरांची जागा असते, सोळावी जागा सेवेच्या प्रकारासाठी राखीव असते. लॅबमध्ये ‘सोलापूर-लॅब-पीसी-०१’, ‘-०२’ अशी नावं देणं अगदी स्वाभाविक वाटतं. रोमनमध्ये मोजा: सोलापूर सात, डॅश एक, लॅब तीन, डॅश एक, पीसी दोन, डॅश एक. पंधरा इथेच संपली. ०१ आणि ०२ हे आकडे कापले जातात आणि अख्खी लॅब नेटबायोसच्या दृष्टीने एकाच नावाची होते! बदलणारा भाग पुढे घ्या किंवा नाव आखूड ठेवा: ‘एल२-पीसी०१’ पुरतं. शहराचं नाव घालायची गरज नसते, सगळे पीसी सोलापुरातच आहेत.

आणखी एक खाचखळगा: वर्कग्रुपचं आणि एखाद्या पीसीचं नाव एकच ठेवू नका. वर्कग्रुप ‘सोलापूर’ आणि सर्व्हरही ‘सोलापूर’ असेल तर तिसऱ्या कोणत्याही मशीनशिवाय हाच इशारा येतो.

नाव बदलायला रनमध्ये ‘सिसडीएम.सीपीएल’ टाइप करा, ‘चेंज’वर जा, नवीन नाव द्या, मशीन रीस्टार्ट करा. नाव लांब झालं तर ते किती अक्षरांवर कापलं जाणार याचा इशारा इथेच मिळतो.

कारखान्याच्या बिलिंग पीसीबाबत मात्र सल्ला उलटा आहे. तिथे व्हर्च्युअल मशीनचं नाव बदलू नका. बाकीच्या पीसींवरचे मॅप केलेले ड्राइव्ह, प्रिंटरचे मार्ग आणि कधीकधी सॉफ्टवेअरचं लायसन्सही त्या जुन्या नावाला बांधलेलं असतं. नाव व्हर्च्युअल मशीनकडे राहू द्या. बदला ते मूळ पीसीचं, आणि तेही लॅनची केबल काढून. मग तो पीसी गरज पडेपर्यंत लॅनबाहेरच ठेवा.

मॅक पत्ता सारखा असेल तर

याचं लक्षण वेगळं. कोणताच इशारा येत नाही, फक्त दोन्ही मशीनचं नेट आळीपाळीने तुटतं आणि दोघींना राउटरकडून एकच आयपी मिळतो. आयपी दुसऱ्या कोणाकडे आहे का हे मशीन समोरच्याच्या मॅकवरून ओळखते. मॅकच सारखा असल्यावर तिला समोर आपणच आहोत असं वाटतं, म्हणून ती गप्प राहते.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये क्लोन करताना ‘मॅक ॲड्रेस पॉलिसी’ विचारली जाते. तिथे आधीपासून निवडलेला पर्याय नॅट ॲडॉप्टरचे (मूळ पीसीच्या आडून नेट घेणाऱ्या व्हर्च्युअल नेटवर्क कार्डांचे) मॅक जसेच्या तसे ठेवतो. नॅटमध्ये प्रत्येक मशीन आपापल्या वेगळ्या जाळ्यात असल्याने काही बिघडत नाही. पण नंतर कोणी तोच ॲडॉप्टर ब्रिज्डवर (मशीनला थेट लॅनवर आणणारा प्रकार) नेला की सगळे क्लोन एकाच मॅकने लॅनवर येतात. लॅबमधल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथे असू शकतं, म्हणून क्लोन करताना सगळ्या ॲडॉप्टरसाठी नवे मॅक तयार करणारा पर्यायच निवडा. फोल्डर नुसतं कॉपी केलं असेल तर मॅक बदलतच नाही. तेव्हा मशीन पूर्ण बंद करा, सेटिंग्ज, नेटवर्क, ॲडव्हान्स्डमध्ये जा आणि मॅक पत्त्याशेजारच्या गोल बाणावर क्लिक करा.

व्हीएमवेअर कॉपी केलेली मशीन पहिल्यांदा चालू करताना विचारतं: हलवली की कॉपी केली? ‘कॉपी’ म्हणा, नवा मॅक मिळतो. घाईत ‘मूव्ह’ दाबलं की जुनाच राहतो.

हायपर-व्हीचा घोळ जास्त खोल असतो. तो स्वतःच्या होस्टसाठी (ज्या पीसीवर तो चालतो त्यासाठी) २५६ मॅक पत्त्यांचा साठा ठरवतो, त्या पत्त्यांचा चौथा आणि पाचवा भाग होस्टच्या आयपीच्या शेवटच्या दोन आकड्यांवरून येतात. हायपर-व्ही चालू केलेल्या पीसीची इमेज काढून ती बाकीच्या पीसींवर टाकली तर सगळ्यांचा साठा एकच होतो. प्रत्येक पीसीवर व्हर्च्युअल स्विच मॅनेजरमध्ये ‘मॅक ॲड्रेस रेंज’ वेगळी द्या. आधीपासून असलेल्या ॲडॉप्टरना ती लागू होत नाही, ते काढून पुन्हा जोडावे लागतात.

उबुंटूचे क्लोन

उबुंटू सर्व्हरमध्ये मॅक वेगळा करूनही दोन क्लोनना एकच आयपी मिळतो, आणि इथे अनुभवी माणूसही गोंधळतो. कारण तिथला डीएचसीपी क्लायंट (राउटरकडे आयपी मागणारा भाग) ओळख म्हणून मॅक नाही, तर मशीन-आयडीवरून बनवलेला क्रमांक पाठवतो. तो क्रमांक क्लोनबरोबर कॉपी होतो.

ईटीसी फोल्डरमधली ‘मशीन-आयडी’ फाइल रिकामी करा (‘सुडो ट्रंकेट -एस ०’ आणि पुढे फाइलचा मार्ग). फाइल डिलीट करू नका, रिकामीच ठेवा. पुढच्या वेळी मशीन सुरू होताना नवा आयडी आपोआप लिहिला जातो. घाई असेल तर नेटप्लॅनच्या (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या) फाइलमध्ये ‘डीएचसीपी-आयडेंटिफायर’ला ‘मॅक’ ही किंमत द्या.

मग ‘हॉस्टनेमसीटीएल सेट-हॉस्टनेम’ने नाव बदला. त्यानंतर ईटीसीमधल्या ‘होस्ट्स’ फाइलमध्ये १२७.०.१.१ च्या ओळीतलं जुनं नावही बदला, नाहीतर प्रत्येक सुडो कमांडला नाव सापडत नसल्याची कुरकुर ऐकावी लागते. रीस्टार्टनंतर नाव पुन्हा जुनं झालं तर ते क्लाउड-इनिट (मशीन सुरू होताना सेटिंग लावणारा प्रोग्रॅम) करतंय. त्याच्या सेटिंगमध्ये ‘प्रिझर्व्ह_होस्टनेम’ (मध्ये डॅश नाही, अंडरस्कोअर) ट्रू करा.

नेटवर्कचंच नाव चुकलं असेल तर

व्हर्च्युअलबॉक्स काढून पुन्हा बसवल्यावर होस्ट-ओन्ली ॲडॉप्टरच्या (मशीनला फक्त होस्ट पीसीशी जोडणाऱ्या) नावापुढे ‘#२’ लागतो. मशीनच्या सेटिंगमध्ये मात्र जुनं नाव लिहिलेलं असतं, त्यामुळे मशीन सुरूच होत नाही आणि ‘इंटनेट... नॉट फाउंड’ अशी त्रुटी दिसते. सेटिंग्जमध्ये नेटवर्कवर जाऊन यादीतून सध्याचा ॲडॉप्टर निवडला की झालं. तरीही तीच त्रुटी आली तर विंडोजमध्ये त्या ॲडॉप्टरच्या प्रॉपर्टीज उघडून ‘व्हर्च्युअलबॉक्स एनडीआयएस६ ब्रिज्ड’ची टिक काढा आणि पुन्हा लावा.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये इंटर्नल नेटवर्कचं (एकाच पीसीवरच्या मशीनना आपसांत जोडणाऱ्या जाळ्याचं) मूळ नाव ‘इंटनेट’ असतं. एकाच पीसीवर दोन बॅचच्या मशीन असतील आणि दोन्हींनी हेच नाव ठेवलं असेल तर एका बॅचचा डीएचसीपी (आयपी वाटणारा) सर्व्हर दुसऱ्या बॅचला पत्ते वाटतो. बॅचप्रमाणे नाव द्या.

एक गोष्ट मात्र झगडा समजू नका: व्हर्च्युअलबॉक्समध्ये नॅटवरच्या सगळ्या मशीन १०.०.२.१५ हाच आयपी दाखवतात, आणि ते बरोबर आहे. मशीनला लॅनवर दिसायचीच गरज नसेल तर नॅटवरच ठेवा. वरचे बहुतेक त्रास तिथे उद्भवतच नाहीत.

दुरुस्तीनंतर

नाव बदललं तरी बाकीच्या पीसींच्या स्मरणात जुनी नोंद काही वेळ राहते. विंडोजवर ‘एनबीटीस्टॅट -आर’ (कॅपिटल ‘आर’) आणि ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ चालवा, दोन्ही ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून. क्लोनला स्थिर आयपी देताना ‘हा पत्ता दुसऱ्या ॲडॉप्टरला दिलेला आहे’ असं आलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवा आणि फिक्या रंगातले जुने ॲडॉप्टर काढून टाका.

पुढच्या सत्रासाठी मास्टर मशीन नव्याने बनवणार असाल तर विंडोजवर शेवटी सिसप्रेप (मशीनची स्वतःची ओळख पुसणारं विंडोजचं साधन) चालवून ‘जनरलाइज’वर टिक करा आणि ‘शटडाउन’ निवडा. उबुंटूवर मशीन-आयडी रिकामा करा, एसएसएचच्या (रिमोटने आत शिरण्याच्या सोयीच्या) होस्ट कीज काढा, मशीन बंद करा. दोन्ही बाबतीत त्यानंतर मास्टर एकदाही चालू करायची नाही, थेट क्लोन करायची. चुकून चालू झाली तर हे सगळं पुन्हा करावं लागतं. एसएसएच कीज काढल्या असतील तर प्रत्येक क्लोनवर एकदा ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर ओपनएसएसएच-सर्व्हर’ चालवा, नाहीतर रिमोटने आत शिरताच येणार नाही.