"सॅड गाणी बंद कर" म्हणू नका

मूड सारखा खालीवर होणारी, स्वतःला इजा करून घेणारी पोरं ज्यांच्या घरात आहेत त्यांच्यासाठी लिहितेय. आधीच सांगते, गाण्याने डिप्रेशन पळून जात नाही, गोळ्या आणि काउन्सेलिंग चालूच ठेवायचं, गाणं त्याच्या जोडीला. २०१७ च्या कोक्रेन रिव्ह्यूत (म्हणजे आधीचे अभ्यास एकत्र तपासून काढलेला आढावा) पण हेच दिसलं, नेहमीच्या उपचारांसोबत म्युझिक थेरपी (ट्रेनिंग घेतलेल्या थेरपिस्टने गाण्या-वाजवण्यातून केलेला उपचार) दिली तर डिप्रेशनची लक्षणं निदान थोड्या काळापुरती जास्त कमी होतात. आणि ते "अमुक राग रोज सकाळी ऐकवा" वाले व्हॉट्सअॅप फॉरवर्ड, प्लीज, राहू द्या.

सुरुवात पोराच्या गाण्यांपासून करायची, तुमच्या नाही. शेजारी बसा, "तुझं एखादं ऐकव ना" म्हणा आणि मग गप्प बसा. मेटल असेल, शिव्यांचं रॅप असेल, तोंड वाकडं केलंत की संपलं, परत ऐकवणार नाही.

म्युझिक थेरपीत आयसो प्रिन्सिपल म्हणून एक प्रकार आहे, म्हणजे मूड जिथे आहे तिथूनच सुरू करायचं, रडवेल्या पोराला एकदम धांगडधिंगा लावून दिला तर ते अजून चिडतं. पाचसहा गाणी घ्या, पहिली दोन आत्ताच्या मूडसारखी, पुढची जराजरा हलकी, शेवटचं असं की जे ऐकून त्याला शांत वाटतं. निवड त्याचीच, आणि चांगल्या दिवशी बसून करून ठेवायची, कारण वाईट रात्री कोणाला काय सुचतंय.

सगळी सॅड गाणी वाईट नसतात बरं का. पण तेच गाणं तासन् तास लूपवर, दार बंद, आणि नंतर अजून खचलेला चेहरा, हे बघा. मेलबर्नच्या म्युझिक थेरपिस्ट कॅट्रिना मॅकफेरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये, गाणी ऐकून पोराला बरं वाटतंय की त्रास होतोय हे ओळखायला, १३ प्रश्नांची प्रश्नावलीच काढली. घरी एकच प्रश्न पुरतो: "हे ऐकल्यावर बरं वाटतं की अजून वाईट?" उत्तर "वाईट" आलं तरी मोबाईल हिसकावू नका, ते गाणं कुठल्या वेळी नको हे त्यालाच ठरवू द्या.

नुसतं ऐकण्यापेक्षा हाताला काम दिलेलं चांगलं. ढोलकी नसेल तर पत्र्याचा डबा बडवा, सोबत तुम्ही पण, बेसूर चालतं. बायपोलर (मूड कधी खूप वर, कधी खूप खाली जाण्याचा आजार) असेल आणि स्वारी फुल हाय असेल, झोप उडालेली असेल, तर मात्र रात्रीचा दणदणाट नको, डॉक्टरांना कळवा.

कधी पोर स्वतःच ओळी लिहितं आणि त्यात मरणाचं काही असतं. ओरडू नका, मावशी-काकांना दाखवू नका, सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. हो म्हणालं तर एकटं सोडायचं नाही, गोळ्या आणि धोक्याच्या वस्तू कुलपात, टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन (फुकट, २४ तास, मराठीत बोलता येतं), जखम झाली असेल किंवा जिवाला धोका वाटला तर थेट कॅज्युअल्टी. तेव्हा प्लेलिस्ट वगैरे काही नाही.

म्युझिक थेरपिस्ट शोधताना विचारा, ट्रेनिंग कुठे झालं, सेल्फ हार्मच्या पोरांसोबत काम केलंय का, आमच्या सायकियाट्रिस्टशी बोलाल का. पहिल्याच सेशनला "गोळ्या बंद करा" म्हणणारा भेटला तर चहा पण न घेता उठून या.