जुन्या बी४५० बोर्डवर रायझन ५६०० टाकताय? या चुका टाळा

२०१७-१८ च्या आसपास पीसी बनवलेल्या बऱ्याच जणांकडे अजून बी३५० नाहीतर बी४५० मदरबोर्ड आणि त्यावर एएमडीचा रायझन १६०० किंवा २६०० प्रोसेसर आहे, आणि अख्खा पीसी बदलण्यापेक्षा त्याच एएम४ सॉकेटमध्ये (बोर्डवरची प्रोसेसरची जागा) ५६०० बसवणं कधीही स्वस्त पडतं. मीपण तेच केलं. पण बॉक्स हातात आला की धीर निघत नाही ना, तिथेच घोळ होतो.

सगळ्यात कॉमन चूक बायोसची, म्हणजे पीसी सुरू करणाऱ्या बोर्डमधल्या सॉफ्टवेअरची. नवा प्रोसेसर बसवला, फॅन फिरतोय, स्क्रीन काळी, मग लगेच "पीस डेड आलाय" म्हणून दुकानदाराशी भांडण. अहो, जुन्या बायोसला ५००० सिरीज ओळखताच येत नाही! जुना प्रोसेसर बोर्डवर असतानाच बोर्डच्या सपोर्ट लिस्टमध्ये ५६०० समोर कुठलं व्हर्जन दिलंय ते बघा (बोर्डची रिव्हिजनपण जुळली पाहिजे) आणि तेच टाका. अपडेट चालू असताना मधेच लाइट गेली तर बोर्ड बंद पडू शकतो, त्यामुळे यूपीएस नसेल तर वादळी पावसाच्या संध्याकाळी हा उद्योग नको. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर तो आधी सस्पेंड करा आणि रिकव्हरी की कुठेतरी लिहून ठेवा, कारण प्रोसेसर बदलला की पहिल्याच बूटला एफटीपीएम (प्रोसेसरमधली बिटलॉकरची चावी ठेवणारी जागा) रिसेट करू का विचारतं आणि आपण न वाचता वाय दाबतो, मग ती चावी पुसली जाते.

आता माझा पराक्रम. थंड पीसीचा कूलर सरळ वर ओढला, थर्मल पेस्ट वाळून घट्ट झालेली, त्यामुळे लॉक असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर आला आणि चार पिना वाकल्या. लीडच्या पेन्सिलीतली लीड काढून त्या रिकाम्या टोकाने एकेक पिन सरळ करत बसलो, तासभर घाम. आधी १०-१५ मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करा, पीसी बंद करा आणि कूलर डावी-उजवीकडे हळूहळू पिळत काढा.

थोडे पैसे वाचतात म्हणून ५५०० घेतात, पण त्यात एल३ कॅश (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) १६ एमबी आणि ५६०० मध्ये ३२, गेममध्ये हा फरक जाणवतो. ५६००जी मध्येपण १६च, पण त्यात ग्राफिक्स आतच असतं, म्हणून तो वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तरच घ्या.

ओव्हरक्लॉकचं (प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त स्पीडवर चालवण्याचं) म्हणाल तर ए३२० बोर्डवर विषयच नाही, तिथे प्रोसेसरचा मल्टिप्लायर, म्हणजे स्पीड ठरवणारा आकडा, लॉक असतो. बी४५० वर होतं, पण सगळ्या कोअरला ४.४ गिगाहर्ट्झ फिक्स करून व्होल्टेज चढवण्यात काय मिळतं मला कळत नाही, ५६०० स्वतःच ४.४ पर्यंत बूस्ट घेतो, वर तुमच्या बोर्डच्या व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) हीटसिंक नसेल तर तो तापून क्लॉक उलटा खाली येतो. त्यापेक्षा बायोसमधल्या पीबीओमध्ये (प्रोसेसरला स्वतःहून जास्त बूस्ट घेऊ देणारी सोय) कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेज कमी करणारं सेटिंग) मायनस १० ला ठेवा, टिकलं तर मायनस १५. लोडवर सगळं मस्त आणि नुसतं डेस्कटॉपवर असताना रीस्टार्ट होत असेल, विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए (हार्डवेअरची) एरर दिसत असेल, तर मायनसचा आकडा जास्त झालाय, शून्याच्या दिशेने आणा.

आणि हो, "अपग्रेड करूनही एफपीएस वाढले नाहीत" म्हणणाऱ्यांनी टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा स्पीड बघा. बायोस अपडेटने एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण स्पीडवर चालवणारं सेटिंग) बंद झालेलं असतं आणि तुमची ३२०० ची रॅम निवांत २१३३ वर चाललेली असते.