ट्रॅकबॉल, स्पिनर आणि रोटरी जॉयस्टिक : कॅबिनेटच्या वायरिंगमधील या चुका टाळा

घरच्या आर्केड कॅबिनेटमध्ये बटणे आणि साधी जॉयस्टिक व्यवस्थित जोडून झाली, की ट्रॅकबॉलही (पॅनेलमध्ये बसवलेला, हाताने फिरवायचा चेंडू) त्याच पद्धतीने जोडता येईल असा समज होतो आणि पुढच्या बहुतेक चुका या समजातूनच निघतात. बटणाची तार ग्राउंडला टेकली आहे किंवा नाही, एवढेच ती संगणकाला जोडणाऱ्या बोर्डाला ओळखायचे असते. ट्रॅकबॉलच्या रुळावर किंवा स्पिनरच्या (गोल फिरवायच्या मुठीच्या) दांड्यावर मात्र खाचांची चकती असते आणि ती फिरताना दोन प्रकाश-संवेदकांपुढचा उजेड आळीपाळीने अडवते. या संवेदकांचे ‘ए’ आणि ‘बी’ हे सिग्नल एकमेकांपासून पाव आवर्तनाने सरकलेले असतात, आणि त्यांतला कोणता आधी बदलला यावरून फिरण्याची दिशा ठरते. स्पिनरला एकच अक्ष असल्यामुळे ५ व्होल्ट, ग्राउंड, ए आणि बी अशा चार तारा लागतात. ट्रॅकबॉलला दोन अक्ष असल्यामुळे सहा.

म्हणूनच बाजारात मिळणारा स्वस्त यूएसबी एन्कोडर बोर्ड, ज्याला फक्त बटणांच्या पिना असतात, तो येथे उपयोगाचा नाही. त्याला ए आणि बी जोडले, तर चेंडू फिरवताच पडद्यावर बाण सरकण्याऐवजी दोन बटणे भराभर दाबली जात असल्याचे दिसते. अल्टिमार्क कंपनीच्या ऑप्टी-पॅकसारखा हे सिग्नल वाचणारा बोर्ड घ्यावा, किंवा अर्डुइनो लिओनार्डोसारखा, संगणकाला स्वतःची ओळख थेट माउस म्हणून करून देऊ शकणारा बोर्ड वापरावा. अर्डुइनो उनो यासाठी घेऊ नये; ती सोय त्यात सरळपणे मिळत नाही.

जोडणी झाल्यावर काही बिघडले, तर सेन्सिटिव्हिटीच्या आकड्यांना हात लावण्याआधी बिघाडाचे लक्षण नीट पाहावे, कारण कोणती तार चुकली हे लक्षणच बहुधा सांगते. बाण सुरळीत पण उलट दिशेने जात असेल, तर त्या अक्षाच्या ए आणि बी या तारांची अदलाबदल झालेली आहे. हे ‘मेम’च्या (जुने आर्केड खेळ संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मेनूतही उलटवता येते, परंतु ती सुधारणा प्रत्येक खेळासाठी स्वतंत्रपणे करावी लागते, त्यामुळे दोन तारा बदलणेच शहाणपणाचे. बाण जागच्या जागी थरथरत असेल आणि पुढे सरकतच नसेल, तर दोनपैकी एक सिग्नल पोहोचत नाही असे समजावे : एकटा सिग्नल बदलत राहिला की बोर्ड एक पाऊल पुढे आणि एक पाऊल मागे मोजतो, आणि बेरीज शून्यच राहते. चेंडू केवळ आडवा फिरवला असता दोन्ही अक्ष एकदम थरथरत असतील, तर आडव्या अक्षाची एक तार उभ्या अक्षाच्या तारेशी बदलली गेली आहे. आणि चेंडू हळू फिरवल्यास सर्व ठीक, पण जोरात भिरकावल्यावर बाण मागे पळतो, असे होत असेल, तर वायरिंगमध्ये दोष शोधण्यात वेळ घालवू नये. बोर्डाचा वाचनाचा वेग त्या फिरण्याला पुरत नसतो.

संशय राहिला तर मल्टिमीटर ग्राउंड आणि ए यांच्यामध्ये लावून चेंडू अगदी सावकाश फिरवावा. काटा किंवा आकडा शून्याजवळून ५ व्होल्टकडे आणि परत असा हलला पाहिजे. नंतर तेच बी साठी पाहावे. ही तपासणी पॅनेल उघडे टाकून नाशिकच्या एप्रिलमधल्या उन्हात, गच्चीवर किंवा खिडकीशी करू नये, कारण थेट ऊन संवेदकावर पडल्यास चांगला संवेदकही मेल्यासारखा वागतो.

सर्वांत महागात पडणारी चूक वीजपुरवठ्याची आहे. संगणकाच्या एसएमपीएसच्या (वीजपुरवठ्याच्या पेटीच्या) चार पिनांच्या जोडणीत लाल तार ५ व्होल्टची आणि पिवळी १२ व्होल्टची असते. परंतु ट्रॅकबॉलबरोबर आलेल्या तारांचे रंग हीच रीत पाळतील असे गृहीत धरू नये, कारण उत्पादकागणिक ते बदलतात. १२ व्होल्ट किंवा उलटा पुरवठा गेल्यास संवेदकाची पट्टी जळू शकते. ट्रॅकबॉलला एसएमपीएसमधून आणि बोर्डाला यूएसबीमधून वीज देत असाल, तर दोघांचे ग्राउंड एकमेकांना जोडणे अनिवार्य आहे.

नाशिककरांना येथे एक वेगळाच मोह असतो. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतील यंत्रांवर याच तत्त्वाचे रोटरी एन्कोडर असतात, आणि जुना एन्कोडर भंगारात हाती आला की त्याचा दणकट स्पिनर करावासा वाटतो. कल्पना उत्तम आहे, पण त्यावरची पट्टी आधी वाचावी. अनेक औद्योगिक एन्कोडर २४ व्होल्टवर चालतात आणि तेवढाच दाब सिग्नलच्या तारेवरही देतात, जो ५ व्होल्टच्या बोर्डाला सोसत नाही. एन्कोडर ओपन कलेक्टर प्रकारचा असेल, तर तो सिग्नलची तार केवळ खाली, म्हणजे ग्राउंडकडे, ओढतो. ती वर नेण्यासाठी ५ व्होल्टकडे पुल-अप रोधक हवा, अन्यथा सिग्नल येतच नाही.

ट्रॅकबॉल आणि स्पिनर दोन्ही हवे असल्यास त्यांचे सिग्नल एकाच पिनेवर समांतर जोडू नयेत. एक एन्कोडर तार वर ठेवतो, दुसरा खाली ओढतो, आणि दोन्ही निरुपयोगी ठरतात. स्पिनरला स्वतंत्र अक्ष द्यावा. ‘मेम’मध्ये माउसचा पर्याय सुरुवातीला बंद असतो, हेही ध्यानात ठेवावे, वायरिंग निर्दोष असूनही ‘सेंटिपीड’ या ट्रॅकबॉलवरच्या खेळात काहीच हलत नाही, याचे कारण पुष्कळदा तेवढेच असते.

१९८६ च्या ‘इकारी वॉरियर्स’ या खेळामुळे परिचित झालेली रोटरी जॉयस्टिक, म्हणजे जिची मूठ फिरवून पडद्यावरचा सैनिक वळवता येतो ती, यांहून निराळी आहे. तिच्या यांत्रिक प्रकारात प्रकाश-संवेदक नसून बारा स्थानांचे बारा संपर्क आणि एक सामाईक तार असते, म्हणून तिला ट्रॅकबॉलच्या पिनांवर लावणे व्यर्थ आहे. बारा तारांचा क्रम काटेकोर पाळावा. शेजारच्या दोन तारा बदलल्या, तर मूठ एका दिशेने फिरवत असताना ठरावीक जागी सैनिक गचका देऊन उलटा वळतो. हा गचका नेहमी त्याच जागी येतो, त्यामुळे दोष शोधणे सोपे जाते. सर्वच जागी अधूनमधून एखादे वळण गळत असेल, तर प्रत्येक वळणागणिक बोर्ड देत असलेला स्पंद (बटण क्षणभर दाबल्यासारखा इशारा) फार आखूड असण्याची शक्यता आहे : खेळ सेकंदाला सुमारे ६० वेळा इनपुट वाचतो, आणि १७ मिलिसेकंदांहून लहान स्पंद दोन वाचनांच्या मधून निसटू शकतो. बोर्डाच्या सेटिंगमध्ये स्पंदाची लांबी वाढवता येत असेल, तर ती थोडी वाढवावी. फार वाढवल्यास मात्र मूठ वेगाने फिरवताना सैनिक मागे रेंगाळतो.