कॉलेज बदलताय? आधी सिलॅबस गोळा करा

कॉलेज बदलायचं ठरलं की जुन्या कॉलेजात केलेल्या विषयांचे क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या मापाचे गुण, नव्या कॉलेजात धरून घ्यावे लागतात. त्यासाठी सगळे आधी ट्रान्सक्रिप्टच्या, म्हणजे विषयवार क्रेडिट आणि ग्रेडच्या अधिकृत उताऱ्याच्या, मागे लागतात. ती लागणारच आहे, पण घोडं अडतं ते सिलॅबसपाशी. ट्रान्सक्रिप्टवर असते एकच ओळ: ‘उपयोजित गणित २, ४ क्रेडिट’. एवढ्यावरून नव्या विभागातल्या प्राध्यापकांना काय कळणार, तुम्ही डिफरन्शियल इक्वेशन्स शिकलात की नुसते मॅट्रिक्स? म्हणून प्रत्येक विषयाचा युनिटवार सिलॅबस, प्रत्येक युनिटचे तास, नेमलेली पुस्तकं आणि परीक्षेची पद्धत, हे सगळं आधी हाताशी ठेवा. प्रात्यक्षिकं असतील तर जर्नलही टाकून देऊ नका.

सिलॅबस तुम्ही शिकलात त्याच वर्षाचा हवा. मी वेबसाइटवर दिसला तो उतरवून जोडला होता. मधल्या काळात तो बदलला होता, मी शिकलेली दोन युनिटं त्यात नव्हतीच, आणि विषय नामंजूर होऊन परत आला. मग जुन्या विभागात खेटे घालून जुनी प्रत शोधली, तिच्यावर सही-शिक्का घेतला आणि पुन्हा अर्ज केला. कॉलेजात असताना हेच काम अर्ध्या तासात झालं असतं.

आता हिशोब. क्रेडिट हे माप सगळीकडे सारखं नसतं. युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे साधारण २५ ते ३० तासांचा अभ्यास धरतात. अमेरिकेत काही कॉलेजं सेमिस्टरवर चालतात, काही क्वार्टरवर, म्हणजे सेमिस्टरहून छोट्या सत्रांवर. तिथे क्वार्टरचा एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरचा दोन तृतीयांश. म्हणजे क्वार्टरमधला ४ क्रेडिटचा विषय सेमिस्टरच्या मापात २.६७ होतो, आणि नव्या ठिकाणी ३ लागत असतील तर एवढ्याशा तुटीसाठी वेगळी परवानगी मागावी लागू शकते. हे गणित अर्जाआधी वहीत मांडून बघा.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मात्र बहुतेक जण विचारतच नाहीत. ‘क्रेडिट घेतले’ आणि ‘क्रेडिट पदवीत धरले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुख्य विषयाचा पेपर ऐच्छिक म्हणून मंजूर झाला तर एकूण आकडा वाढतो, पण मुख्य विषय पुन्हा करावाच लागतो. ‘हा विषय तुमच्या कोणत्या विषयाच्या जागी धरणार?’ असं विषयागणिक ईमेलवर विचारा आणि उत्तर लेखी घ्या. काउंटरवरच्या ‘होऊन जाईल हो’ला काही अर्थ नसतो.

सोबत मर्यादाही विचारा. पदवी देणारी संस्था काही वाटा स्वतःकडेच पूर्ण करायला लावते. भारतातल्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या, म्हणजे विद्यार्थ्यांचे क्रेडिट ऑनलाइन खात्यात साठवणाऱ्या सरकारी व्यवस्थेच्या, २०२१ च्या नियमांत हा वाटा किमान निम्मा होता, आणि साठवलेल्या क्रेडिटची मुदत जास्तीत जास्त ७ वर्षं. कमीत कमी कोणती ग्रेड चालते तेही बघा, कारण काठावर पास झालेला विषय पुष्कळदा नाकारला जातो. बऱ्याच ठिकाणी क्रेडिट येतात, ग्रेड येत नाहीत, आणि सरासरी कोऱ्या पाटीवरून सुरू होते. जुन्या सरासरीच्या जोरावर ऑनर्सचं स्वप्न असेल तर हे आधीच कळलेलं बरं.

कागदांचं म्हणाल तर लायब्ररीची पुस्तकं आणि राहिलेली फी आधी मिटवा, थकबाकीपायी ट्रान्सक्रिप्ट अडकू शकते. ती शक्यतो परीक्षा विभागाकडून थेट पाठवायची असते. सीलबंद लिफाफा कुतूहलापोटी फोडलात की ती प्रत बाद. चालू सेमिस्टरचा निकाल लागायचा असेल तर आत्ताची एक आणि निकालानंतरची एक, अशा दोन प्रतींचं शुल्क धरून चाला. स्कॉलरशिप आणि वसतिगृहाची चौकशी वेगळी, ती क्रेडिटच्या अर्जात येत नाही.

एखादा विषय नाकारलाच तर फेरविचाराचा अर्ज करता येतो का आणि कधीपर्यंत, ते विचारून ठेवा. जुन्या कॉलेजचं ईमेल खातं बंद व्हायच्या आत त्यातला सगळा पत्रव्यवहार आणि पोर्टलवरच्या असाइनमेंट उतरवून घ्या. माझं खातं बंद झालं त्या दिवशी मी नव्या हॉस्टेलवर बॅगा उघडत होतो.