पीपीएफ पिवळी पडली? आधी डाग वरचा की आतला ते बघा

पांढऱ्या गाडीची पीपीएफ (पेंट वाचवायला वरून चिकटवतात ती पारदर्शक फिल्म) जरा पिवळट दिसली की लोक लगेच सोलायला निघतात, पण आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात गाडीवर जांभ्याची लाल धूळ असते, आंब्याखाली लावली तर तुडतुड्यांचा चिकटा पडतो, फेरीबोटीत खारं पाणी उडतं, आणि हे सगळं उन्हात भाजून फिल्मवर बसतं. म्हणून आधी तपासा.

गाडी सावलीत घ्या, बॉनेट गार होऊ दे. नुसतं पाणी मारून धूळ जाऊ द्या, मग पीएच न्यूट्रल शाम्पू (भांड्यांचा साबण नको हो, कितीही फेस आला तरी). सुकल्यावर वीतभर जागेवर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून मायक्रोफायबरने हलकं पुसा. तेवढाच तुकडा उजळला तर डाग वरचा, बाकीचं पण तसंच साफ करा आणि पीपीएफला चालणारं सीलंट (वरून संरक्षणाचा थर) लावा, झालं काम. काही फरक नाही आणि फिल्म जिथे संपते तिथे शेजारचा पेंट स्पष्ट पांढरा दिसतोय, तर मग यूव्हीने फिल्म नाहीतर तिचा गोंदच पिवळा झालाय. तो पॉलिशने जात नाही, उलट घासून घासून वरचा कोट जाईल आणि बारीक ओरखडे भरून काढतो तो तोच कोट.

कडेला लाल रेघ दिसते ती उघड्या गोंदाला चिकटलेली माती. मऊ ब्रशने काढा. प्रेशर वॉशर कडेवर धरू नका, कड उचलली की पावसाळ्यात पाणी आत गेलंच समजा.

काढायचीच असेल तर हीट गनने कोमट करत, फिल्म स्वतःवरच दुमडून सावकाश मागे ओढायची, सरळ वर नाही. जुनी, पीव्हीसी प्लास्टिकची फिल्म असेल तर कडक होऊन तिचे तुकडे पडतात, गोंद पेंटवरच राहतो, फार वैताग. आणि एखादा पॅनल रिपेंट केलेला असेल तर हात लावू नका, रंगासकट निघू शकते, ते डिटेलिंगवाल्यालाच करू दे.

नवीन घेताना नुसतं टीपीयू (पीपीएफ बनते ते लवचिक प्लास्टिक) आहे ऐकून खूश होऊ नका, त्यातला ॲलिफॅटिक प्रकार आहे का विचारा, ॲरोमॅटिकवाली उन्हात लवकर पिवळी पडते. आणि वॉरंटी कार्डावर 'यलोइंग' शब्द छापलेला दाखवा म्हणावं, तोंडी नको.