टीव्ही वर्गात लावण्याआधी शिक्षकाच्या हाताशी काय काय हवं

जूनच्या मध्याला शाळा भरली की प्रवेश, पुस्तकवाटप आणि गणवेश यांतून कुणालाच सवड मिळत नाही. म्हणून केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांच्या गटाचे, म्हणजे केंद्राचे, पर्यवेक्षक), मुख्याध्यापक आणि केंद्रातले तंत्रस्नेही शिक्षक यांनी त्याआधीच प्रत्येक शाळेला अर्धा दिवस द्यावा. साताऱ्याच्या खेड्यापाड्यांतल्या बऱ्याच जिल्हा परिषद शाळांत लोकवर्गणीतून किंवा एखाद्या योजनेतून टीव्ही, प्रोजेक्टर, नाहीतर टॅब आलेले असतात. ते कपाटातून बाहेर काढून चालू करून बघावेत. रिमोटचे सेल काढून ठेवले नसतील तर गळून स्प्रिंगा गंजलेल्या असतात. शाळेसाठी एचडीएमआय केबल (चित्र आणि आवाज दोन्ही नेणारी) दोन घ्याव्यात, कारण वाकून वाकून तीच आधी जाते. जुन्या व्हीजीए केबलमधून फक्त चित्र जातं, आवाज जात नाही. त्यासाठी स्पीकरची वेगळी वायर लागते.

मग वीज. बिल थकलेलं नाही ना, हे आधी विचारा. सुट्टीत मेन स्विच पाडून सगळे घरी गेले, तर इन्व्हर्टरची बॅटरी दीड महिना चार्ज होत नाही आणि प्लेटांवर सल्फेट चढतं. म्हणून आधी डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघून दिवसभर चार्जिंग करा आणि मगच तिच्यावर विसंबा. हिशेब सोपा आहे. १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास) बॅटरीत १८०० वॅट-तास मावतात, त्यांतले निम्मेच वापरायचे. ४३ इंची टीव्ही, लॅपटॉप आणि स्पीकर मिळून साधारण १८० ते २०० वॅट घेतात, म्हणजे चार तास निघतात. प्रोजेक्टर असेल तर दोनच धरा. ऑफिसचे पंखे त्याच लाइनवर असतील तर हा हिशेब कोलमडतो.

नेटच्या भरवशावर पाठ लावू नये. ७२० पी व्हिडिओ तासाला एक ते दीड जीबी खातो, आणि तो डेटा बाईंच्या स्वतःच्या रिचार्जमधून जातो, जे योग्य नाही. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपने स्कॅन करून पाठाचं साहित्य आदल्या दिवशीच डाउनलोड करून ठेवता येतं. बाकीचे व्हिडिओ पेन ड्राइव्हवर एमपी४ स्वरूपात घ्यावेत. जुन्या टीव्हीला एच.२६५ या नव्या पद्धतीने लहान केलेली व्हिडिओ फाइल अनेकदा वाचता येत नाही, आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, मात्र त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या स्वाध्यायपत्रिका दुसऱ्या लॅपटॉपवर उघडल्या की नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतात. त्या युनिकोडमध्ये टाइप करून पीडीएफ करून द्या.

सगळ्यात जास्त वेळ तालमीला द्या. तालुक्याच्या हॉलमध्ये ८० जणांना पडद्यावर दाखवलेलं शाळेत येईपर्यंत विसरलं जातं, कारण तिथलं यंत्र वेगळं आणि माऊस दुसऱ्याच्या हातात असतो. तालीम त्या शिक्षकाच्या वर्गात, तिथल्याच टीव्हीवर, मुलं घरी गेल्यावर करा. पन्नाशीच्या गुरुजींना तरुण सहकाऱ्यांसमोर चुकायला संकोच वाटतो, तेव्हा शक्यतो एकट्याला वेळ द्या. शिकवणाऱ्याने हात पाठीमागे बांधून उभं राहावं. बटण गुरुजीच दाबतील. केबल जोडायची, रिमोटवर सोर्स दाबून एचडीएमआय १ निवडायचं, चित्र आलं नाही तर लॅपटॉपवर विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ घ्यायचं. चित्र टीव्हीवर आणि आवाज लॅपटॉपमधून, हा घोटाळा हमखास होतो. तेव्हा खालच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून टीव्हीचं नाव निवडायचं. हे सगळं सलग तीनदा, मदत न घेता झालं की तालीम झाली. नंतर हीच पावलं गुरुजींनी स्वतःच्या अक्षरात कागदावर लिहून टीव्हीच्या बाजूला चिकटवावीत, छापील पत्रकाकडे कुणी बघत नाही. फोन टीव्हीला जोडणार असाल तर ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा, नाहीतर घरचे मेसेज वर्गापुढे उघडतात. शेवटी मागच्या बाकावर बसून पडद्यावरचं सगळ्यात बारीक अक्षर वाचून बघावं. वाचता येत नसेल तर अक्षर मोठं करा.

पाटण, जावळीकडच्या द्विशिक्षकी शाळांत एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात. दुसरीसाठी टीव्ही लागला की चौथीची पोरंही तिकडेच बघत राहतात. त्यासाठी टीव्ही एका कोपऱ्यात, बाकीच्यांची पाठ त्याच्याकडे येईल असा लावा आणि व्हिडिओ पाच-सात मिनिटांचाच ठेवा. तेवढ्या वेळाचं लेखी काम चौथीला फळ्यावर आधीच लिहून द्या. टॅब असतील तर तिघांत एक पुरतो. त्यांवर १, २, ३ असे आकडे चिकटवा, म्हणजे कोणता चार्ज झाला नाही ते लगेच कळतं.

पश्चिमेकडे पावसाळ्यात भिंती ओल्या असतात. प्रोजेक्टर डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, नाहीतर भिंगावर बुरशी धरते. वीज कडाडायला लागली की टीव्हीची पिन आणि डिशची केबल, दोन्ही काढून टाकावीत. माण-खटावला त्रास धुळीचा. तिथे प्रोजेक्टरची जाळी दर पंधरवड्याला मऊ ब्रशने साफ केली नाही तर तो तापून मध्येच बंद पडतो. पाठ संपल्यावर प्रोजेक्टर रिमोटने बंद करून पंखा थांबेपर्यंत बोर्डाचं बटण बंद करू नये, नाहीतर दिवा लवकर जातो.

पहिल्या महिन्यात मदत कोण करणार, हे नाव ठरवूनच शाळा सोडा. केंद्रातल्या एका तंत्रस्नेही शिक्षकाने मधल्या सुट्टीत फोन उचलायचं कबूल करावं, आणि त्या कामापुरता त्याच्यावरचा दुसरा एखादा भार केंद्रप्रमुखांनी कमी करावा. मदत मागणाऱ्याने ‘चालत नाही’ एवढंच न लिहिता पडद्याचा फोटो आणि मागे लावलेल्या केबलचा फोटो पाठवावा. बहुतेक अडचणी त्या दुसऱ्या फोटोतच सापडतात. महिन्याच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, दहा मिनिटं फक्त ‘काय अडलं’ यासाठी राखून ठेवा, आणि तिथे पहिल्यांदा बोलायला द्या ते ज्यांचा टीव्ही अजून लागलेला नाही त्यांना.